सर बाहेर जेवून आले

पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘विद्यापीठ’ म्हटलं की तो मुकाट्यानं मीटर टाकतो आणि गणेशखिंडीला नेऊन सोडतो. सदाशिव पेठेत, दातांचा दवाखाना आणि दोन क्लासेस यांच्या मधल्या बोळात आणखी एक विद्यापीठ आहे असं त्याला सांगावं, तर तो आरशातून असा बघतो की आपल्यालाच खोटं बोलल्यासारखं वाटावं. लोकोदय विद्यापीठ म्हणजे तीन इमारती, एक चिंच आणि चिंचेखालचं भोजनगृह. विजयमाला इंगोले यांचं उभं आयुष्य तिथेच गेलं. आधी विद्यार्थिनी, मग ग्रंथपाल, आणि निवृत्त झाल्यावर माजी विद्यार्थी संघाच्या बिनपगारी सर्वेसर्वा. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारायची सोय त्यांनी कुणाला ठेवली नव्हती.

हे विद्यापीठ अनुदानावर कमी आणि तारखांवर जास्त चालत होतं. शिकून बाहेर पडलेल्या माणसानं वर्षातली एक तारीख धरायची. त्या दिवशीचा भोजनगृहाचा सगळा शिधा त्याच्याकडून. पण नुसता शिधा पाठवून सुटका नव्हती. त्यानं स्वतः यायचं, भाताची पहिली फेरी आपल्या हातानं वाढायची आणि मग उभं राहून आपल्या दिवसांतली एक गोष्ट सांगायची. गोष्ट संपेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही असा नियम होता, त्यामुळे गोष्टी आटोपशीर असत. कुणी लांबण लावलीच तर मुलं वाट्या वाजवत. मंत्रालयात सचिव झालेल्या माणसालाही त्या वाट्यांनी खाली बसवलेलं होतं.

जेवण स्वस्त म्हणून वाशीम-बुलढाण्याकडची मुलं इथे येत, ती येत म्हणून वर्ग भरत, आणि वर्ग भरत म्हणून विद्यापीठ शाबूत होतं. तारखा निखळायला लागल्या तर बाकीचं सगळं मागोमाग निखळणार, हे शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

ही पद्धत पाडली यमुनाबाई पेंडशांनी. त्यांचे यजमान पेंडसे सर हिशेबशास्त्र शिकवायचे आणि यमुनाबाई भोजनगृह सांभाळायच्या. दोघांचं बिऱ्हाड भोजनगृहाच्या मागच्याच दोन खोल्यांत होतं.

विजयमालांची तारीख चैत्रातली होती. दरवर्षी त्या एकच गोष्ट सांगायच्या, ग्रंथालयात शिरलेल्या माकडाची. माकडानं परीक्षा विभागाचा शिक्का पळवला होता आणि तो चिंचेवरून खाली यावा म्हणून परीक्षा नियंत्रकांना केळ्याचा घड हातात धरून उभं राहावं लागलं होतं. मुलं पोट धरून हसायची. खरी गोष्ट मात्र त्यांनी कधीच कुणाला सांगितली नव्हती. तसा शब्दच दिला होता.

खरी गोष्ट अशी होती. विजू इंगोले रिसोडहून पुण्याला आली त्या वर्षी घरची मनिऑर्डर येईनाशी झाली. कूपनाशिवाय भोजनगृहात ताट मिळत नसे. विजू मानी होती. मैत्रिणींना ती सांगायची, आज माझा सोमवार आहे. मग गुरुवार आला, शनिवार आला, मध्येच एक प्रदोष आला. एके दुपारी नळावर पाणी पिताना यमुनाबाईंनी तिला गाठलं.

“आज कुठल्या देवाचा?” त्यांनी विचारलं. “नाही, तेहतीस कोटी आहेत म्हणून विचारते. संपायचे केव्हा?”

विजू रडवेली झाली. यमुनाबाईंनी तिला मागच्या खोलीत नेलं. पाटासमोर ताट वाढून तयार होतं. काठाला एका जागी चेपलेलं पितळी ताट, वरणभात, आमटी, भोपळ्याची भाजी. “सर बाहेर जेवून आले,” त्या वैतागल्यासारख्या म्हणाल्या. “आता हे अन्न काय उकिरड्यावर टाकू? बस. हे मी फक्त तुझ्यासाठी करतेय हं. कुणाला बोलू नकोस. आणि उद्यापण ये, ह्यांचा काही भरवसा नाही.”

सरांचा भरवसा वर्षभर आला नाही. विजू वर्षभर जेवली. शेवटच्या दिवशी यमुनाबाई म्हणाल्या, “मोठी झालीस की एक तारीख धर.” विजूनं तारीख धरलीच, शिवाय चांगल्या नोकऱ्या चालून आल्या तरी ती हा बोळ सोडून गेली नाही. या अफाट शहरात कुणीतरी फक्त आपल्यासाठी ताट वाढलं होतं, एवढ्या एका गोष्टीवर तिनं आयुष्य उभं केलं होतं. एकटं वाटलं की ती ते ताट आठवायची आणि मग एकटं वाटायचं नाही.

यंदा विद्यापीठाला पन्नास वर्षं झाली. कुलसचिव तनुजा, वय पस्तिशीच्या आत आणि उत्साह आकाशाला भिडलेला, एका सकाळी संघाच्या खोलीत आली.

“मॅडम, आयडिया ऐका. आत्तापर्यंत सगळे आपापल्या तारखेला येतात, एकमेकांना भेटतच नाहीत. सुवर्णमहोत्सवाला सगळ्यांना एकाच दिवशी बोलवू. आणि थीम काय, तर ‘न सांगितलेली गोष्ट’. प्रत्येकानं आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट स्टेजवर सांगायची. सूत्रसंचालन तुमच्याकडे. मी सगळ्यांना मेसेज टाकलाय, आधी इंगोले मॅडमना सांगून ठेवा म्हणून. रिपीट नको ना व्हायला.”

इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित आता मोकळं करायला काय हरकत आहे, असं विजयमालांना पहिल्यांदाच वाटलं. यमुनाबाईंना समोर बसवून सांगायचं. सगळ्या विद्यापीठाला कळू दे.

त्या दिवसापासून निमंत्रणांचे फोन सुरू झाले. मदतीला कमवा-शिका योजनेतली प्रियदर्शनी होती, रिसोडच्याच बाजूची, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. “चल, जेवायची वेळ झाली,” असं विजयमाला म्हणाल्या की ती फोनवरून नजर न काढता म्हणायची, “तुम्ही व्हा पुढे मॅडम. आज माझा गुरुवार आहे.” विजयमालांना कौतुक वाटायचं. आजकालच्या पोरी कुठे एवढं पाळतात!

पहिले आले रावसाहेब, कात्रजच्या अलीकडच्या गावचे. गाव शहरात आलं, शेतात इमारती उगवल्या आणि रावसाहेब बिल्डर झाले. त्यांच्या पांढऱ्या गाडीनं बोळ बंद करून टाकला, मागे स्कूटरवाल्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. रावसाहेबांना त्याचं काही नव्हतं.

“बाई, भाषण करणारा माणूस न्हाय मी,” खुर्चीत बसत ते म्हणाले. “पण ह्या वेळी सांगून टाकणार हाय. आमचा बाप म्हणायचा, एवढी जमीन हाय, शिकून काय दिवे लावणार? दाणापाणी बंद केला त्यानं. कात्रजवरनं चालत यायचो मी, उपाशी. कुणाला पत्ता नव्हता. एक दिवस पेंडसे काकूंनी धरलं. म्हणाल्या, सर बाहेर जेवून आले, ताट वाया जातंय. चेपलेलं पितळंचं ताट हुतं बघा. फक्त माझ्यासाठी, बाई! म्हणाल्या, कुणाला बोलू नको.” रावसाहेबांनी रुमाल काढला. “सख्ख्या बापानं हाकललं आन् त्या माउलीनं माझ्या एकट्यासाठी ताट वाढलं. आजपर्यंत बायकोलाबी सांगितलं न्हाय.”

विजयमालांनी पाण्याचा पेला पुढे केला. रावसाहेब त्यांच्या मागून चार वर्षांनी शिकायला आले होते. ठीक आहे, त्यांनी मनाची समजूत घातली. मी, आणि नंतर हा. दोघंच.

दोन दिवसांनी नागपूरहून पूर्णिमाचा फोन आला. ती आता तिकडे प्राध्यापक होती. “मॅडम, त्या दिवशी सर बाहेर जेवून आले होते,” एवढं ती बोलली आणि पुढचं विजयमालांना ऐकावंच लागलं नाही. मग संतोष. हिंजवडीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, एरवी इंग्रजीशिवाय श्वास न घेणारा. त्यानं निरोप आवाजात रेकॉर्ड करून पाठवला. पेंडसे सर त्याही दिवशी बाहेर जेवून आले होते.

आता पेंडसे सर म्हणजे कोण? ज्यांना बाहेरचा चहासुद्धा बाधायचा, जे लग्नाच्या पंगतीतसुद्धा घरचा डबा घेऊन जातील अशी ख्याती होती, ते सर. विजयमालांनी त्यांच्याबरोबर कितीतरी वर्षं नोकरी केली, पण हा माणूस रोज कुठे जेवत होता असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. गोष्ट आपली असली की माणूस तिचा ताळा करून बघत नाही.

“मॅडम, जेवायला जाताय ना?” प्रियदर्शनीनं विचारलं. “मी थांबते इथे. आज माझी चतुर्थी आहे.”

“हं,” विजयमाला म्हणाल्या. त्या दिवशी चतुर्थी नव्हती, पण त्यांचं लक्ष कुठे होतं? पर्स उचलून त्या तडक स्वारगेटला निघाल्या. सर गेल्यापासून यमुनाबाई तिथे मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. वय नव्वदीला टेकलेलं, पाय अधू, जीभ मात्र अजून जागच्या जागी.

यमुनाबाई खिडकीशी बसून मटार सोलत होत्या.

“सर रोज बाहेर जेवून यायचे?” विजयमालांनी दारातूनच विचारलं.

“आत तरी ये. चप्पल काढ.” यमुनाबाईंनी एक शेंग सोलून पूर्ण केली. “माझ्या हातची आमटी सोडून त्या माणसानं जन्मात दुसरं काही गोड मानलं नाही. तुम्ही पोरं मागच्या खोलीत जेवायचात ना, तेव्हा ते पुढच्या खोलीत तोंडासमोर पेपर धरून बसायचे. खोकायचंसुद्धा नाही, अशी ताकीद होती माझी. तुमचं आटपलं की मग त्यांचं पान.”

“किती जणांना सांगितलंत असं?”

“मोजायचे होते का? हिशेब त्यांच्याकडे होता, माझ्याकडे स्वयंपाक.”

“खोटं बोललात तुम्ही.” विजयमालांचा आवाज चिरकला.

“बोलले. मग काय सांगायला हवं होतं? ये बाई, तुझ्याआधी ढीगभर जेवून गेलेत, आता तूही टेक? टेकली असतीस?”

टेकली नसती, हे दोघींनाही माहीत होतं.

“फुकटचं कूपन हातात ठेवलं असतं तर भुकेपोटी खाल्लंही असतं तुम्ही,” यमुनाबाई जरा मऊ झाल्या. “पण शिकून गेल्यावर पुन्हा या बोळात पाऊल टाकलं नसतं. जिथे आपण लाचार झालो तिथे माणूस परत येत नाही, विजू. जिथे आपले लाड झाले तिथे येतो.”

“मला वाटायचं, माझे झाले.”

“झालेच की.”

“सगळ्यांचेच झाले.”

“मग तुझे कमी झाले का गं?”

या बोलण्यानं समजूत पटायला हवी होती. पटली नाही. चाळिसावर वर्षं उराशी धरलेली वस्तू घरोघरी सापडते असं कळलं तर कुणाची पटेल? विजयमाला उठल्या. यमुनाबाईंनी कोपऱ्यातल्या फडताळाकडे बोट दाखवलं. “ते ताट घेऊन जा जाताना. माझ्याच्यानं आता वाढणं होत नाही.” विजयमाला ताट न घेताच जिना उतरल्या.

पुढचे दिवस त्यांनी कार्यक्रमाची आखणी केली ती दात आवळून. रावसाहेब पहिले, मग पूर्णिमा, मग संतोष, शेवटी आपण. एकेकाला फोन करून सावध करता आलं असतं. ‘दुसरी एखादी गोष्ट सांगा’ म्हणायला किती वेळ लागतो? पण फोन उचलला की मनातली विजू फणकारायची, मी एकटीनंच का सोसायचं? ऐकू दे एकमेकांचं. आणि लगेच भीती वाटायची. रावसाहेब म्हणजे विहिरीच्या वाटणीवरून भावाशी बोलणं टाकलेला माणूस. भर सभेत आपण फसलो असं त्याला वाटलं तर तो तारीख तर सोडेलच, भोजनगृहाला कबूल केलेलं नवं छप्परही सोडेल. पूर्णिमा तर मनाला किती लावून घेणारी. एक गेला की दहा जातील. हे कळत असूनही त्यांनी कुणालाच फोन केला नाही. राग असा होता.

सुवर्णमहोत्सवाचा दिवस गुरुवारचा आला. चिंचेखाली मांडव घातला होता. पहिल्या रांगेत मध्यभागी, अंजिरी काठाच्या लुगड्यात, चाकाच्या खुर्चीवर यमुनाबाई बसल्या होत्या. मांडव फुलून गेला होता, आणि विजयमालांच्या मनात आलं, यांतल्या कितीजणांच्या वेळी सर बाहेर जेवून आले असतील?

“रावसाहेब,” त्यांनी नाव पुकारलं.

रावसाहेब माइकसमोर आले. घसा खाकरला. “मंडळी, एक गोष्ट हाय. आजवर कुणाला सांगितली न्हाय. आमच्या बापानं माझं दाणापाणी तोडलं हुतं...” बोलता बोलता त्यांनी समोर बघितलं, आणि ते थांबले.

यमुनाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

मांडवात कुणाच्या ध्यानातही आलं नसतं, इतकं सहज. म्हातारीनं ओठ पुसले असंच वाटावं. रावसाहेबांनी मात्र ते पाहिलं. त्यांचा राकट चेहरा लहान पोरासारखा लाल झाला. ते हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, “...म्हणून मी एकदा ह्याच चिंचेच्या चिंचा चोरून मंडईत विकल्या, त्याची गोष्ट सांगतो.” मांडव हसून कोसळला. कारण ती चोरी स्वतः तत्कालीन कुलगुरूंनी घासाघीस करून विकत घेतली होती.

पूर्णिमा आली. “मी पुण्यात नवीन होते,” एवढं बोलून तिनं यमुनाबाईंकडे पाहिलं. बोट पुन्हा ओठांवर. पूर्णिमानं मान खाली घातली, क्षणभर पदराशी चाळा केला आणि वसतिगृहात पाळलेल्या मांजराची गोष्ट सांगितली. संतोषचंही तेच झालं. ते बोट पाहून तो इंग्रजीच विसरला. प्रत्येकजण मंचावरून उतरताना यमुनाबाईंच्या पाया पडत होता आणि वर बघताना असा हसत होता की या मांडवात फक्त आम्हा दोघांनाच माहीत आहे, होय ना?

“आणि आता आमच्या इंगोले मॅडम!” तनुजानं माइक त्यांच्या हातात दिला.

विजयमाला उभ्या राहिल्या. मोडायचं ठरवलं तर एका वाक्यात सगळं मोडलं असतं. त्यांनी समोर पाहिलं. यमुनाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या, डोळे बारीक करून. थरथरतं बोट हळूहळू वर आलं आणि ओठांवर टेकलं.

ते बोट तीन वेळा दुसऱ्यांसाठी उठलेलं विजयमालांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळा प्रकार त्यांना ठाऊक होता. तरीही त्या घटकेला ते फक्त आपल्यासाठी उठलंय असं त्यांना वाटलं. भोपळ्याच्या भाजीचा वास आला. आणि आपण रावसाहेबांसारख्याच लाल होतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

“एकदा काय झालं,” त्या म्हणाल्या, “ग्रंथालयात माकड शिरलं.”

“पुन्हा माकड!” मांडव ओरडला. मागच्या रांगेत कुणीतरी वाटी वाजवली.

पंगत बसली तेव्हा विजयमाला जिलबी वाढत फिरत होत्या. मन पिसासारखं हलकं झालं होतं. टोकाच्या पानावर प्रियदर्शनी जेवत होती. मान वर न करता, घाईघाईनं, चौथी पुरी दुमडून. विजयमाला पुढे गेल्या आणि तिथेच थबकल्या. आज गुरुवार होता.

मग एकेक आठवत गेलं. गुरुवार, चतुर्थी, गेल्या आठवड्यातला शनिवार. पोरगी इतके दिवस हाताच्या अंतरावर बसून देव मोजत होती, आणि आपण आपलंच दुःख कुरवाळत होतो. विजयमालांना स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी यमुनाबाईंना घरी पोचवायला त्या गेल्या, तेव्हा त्यांनी फडताळातून ताट काढलं. यमुनाबाई फक्त म्हणाल्या, “चिंच लावून घास. लख्ख होतं.”

विजयमालांची खोली विद्यापीठासमोरच, दातांच्या दवाखान्याच्या वर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी संघाच्या खोलीत डोकावून हाक मारली, “प्रियदर्शनी, जरा वर ये बघू.”

“मॅडम, आज माझा शुक्रवार...”

“आधी वर ये.”

पाटासमोर ताट वाढलेलं होतं. वरणभात, आमटी, भोपळ्याची भाजी. प्रियदर्शनी दारातच अवघडून उभी राहिली.

“माझी भाची येणार होती जेवायला,” विजयमाला वैतागून म्हणाल्या. त्यांना भाची नव्हती. “आयत्या वेळी फोन, येत नाही म्हणून. आता हे अन्न काय टाकून देऊ? तुझी संतोषी माता काही रागावणार नाही, आंबट घातलेलं नाही आमटीत. बस.”

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मले... मला सवय आहे मॅडम, खरंच.”

“माहीत आहे मला. बस.” विजयमालांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “आणि हे मी फक्त तुझ्यासाठी करतेय हं. कुणाला बोलू नकोस.”

हे वाक्य तोंडातून निघाल्यावर त्यांना कळलं की त्यात खोटं काहीच नाही. खोलीत एकच ताट होतं, एकच पाट होता आणि त्यावर एकच पोर बसली होती.

प्रियदर्शनी जेवली. आधी लाजत, मग मनापासून. हात धुऊन दारापर्यंत गेली आणि मागे वळून ताटाकडे बघत उभी राहिली.

“उद्यापण ये,” ताटाचा चेपलेला काठ पुसत विजयमाला म्हणाल्या. “तिचा काही भरवसा नाही.”